चहाला जाऊन या, बाई

माझी झडती परीक्षेत झाली नाही. परीक्षा कशी घ्यायची ते शिकवतात, त्या प्रशिक्षणात झाली.

बारामतीला एका कॉलेजच्या सभागृहात. दहावीच्या परीक्षेला ज्यांची पर्यवेक्षक म्हणून ड्युटी लागली होती ते बारामती-इंदापूरकडचे सगळे मास्तर आणि बाया जमलो होतो. शिकवायला होते आमचे सर. आमचे म्हणजे माझेच. पाचवीपासून दहावीपर्यंत मला त्यांनी शिकवलं. आता ते त्याच शाळेचे मुख्याध्यापक झालेत, तिथल्या परीक्षा केंद्राचे प्रमुखही तेच. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "झडती कशी घ्यायची ते करूनच दाखवू. एक उमेदवार पाहिजे. कॉपी करणारा."

त्यांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"या बाई. तुम्ही या."

मी उठले ती खुशीत उठले. एवढ्या लोकांत सरांनी ओळखलं, ह्याचंच कौतुक. स्टेजवर गेले तर एका मॅडमना त्यांनी माझी झडती घ्यायला सांगितलं. मॅडमनी अंबाडा चाचपला. पदर झटकला. चपला काढायला लावल्या. पुढच्या रांगेतले मास्तर मान उंच करून बघत होते. सर माईकवर सांगत होते, "घाई नको. कमरेशी बघा. तिथंच असतं."

कमरेला खोचलेली कापडी पिशवी निघाली. तिच्यात चिमूटभर भंडारा होता. बिरोबाचा. लेकीला पहिल्यांदा बोर्डाची ड्युटी लागली म्हणून आईनं सकाळी दिलेला. सरांनी ती पिशवी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

"कॉपी नाही, पण नवस सापडला."

सभागृह हसलं. हशा मिळाल्यावर सरांना चेव आला. "हसू नका. मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली माणसं ही. काय कुठं लपवायचं ते ह्यांना शिकवावं लागत नाही. म्हणून तर बाईंना बोलावलं."

मग मात्र छप्पर उडेल इतके हसले. पिशवीचं तोंड सुटलं होतं. भंडारा गालिच्यावर सांडला. सरांनी पिवळी झालेली बोटं रुमालाला पुसली आणि पुढचा मुद्दा सुरू केला.

मी चपला हातात घेऊन जागेवर आले. शेजारची बाई म्हणाली, "अगं, गंमत केली त्यांनी." मीही हसले. सरांचा राग येऊ शकतो हेच मला माहीत नव्हतं.

माहीत असणार कसं? आमचं घर अंथुर्ण्याच्या बाजूचं. माझ्या आज्यापर्यंत सगळे मेंढरांमागं. वडलांनी मेंढरं विकून थोडं रान केलं, भाजीपाला लावला आणि एका जागी राहिले ते माझ्या शाळेपायी. राहायला सांगितलं कुणी? सरांनी. आमच्या पालावर येऊन, घोंगड्यावर बसून, आईच्या हातचा चहा पिऊन सांगितलं. आई अजून म्हणते, "सर म्हंजी आपला दुसरा बिरुबा."

आणि माझी दहावी. गणिताचा पेपर होता. चुलतभावानं खिडकीतून चिठ्ठी टाकली, ती माझ्या बाकावर पडली. मी हातसुद्धा लावला नव्हता. व्हरांड्यात बोर्डाचं भरारी पथक आलं होतं. केंद्राचं काम तेव्हाही बघणारे सर आत आले. चिठ्ठी उचलली, टराटरा फाडली आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या अक्षरावर पास झालीस तर जन्मभर दुसऱ्याचीच राहशील. तुझं तू लिही."

मी माझं मी लिहिलं. सायन्सला जायचं होतं, ते थोडक्यात हुकलं. शेजारच्या खोलीत बागाईतदारांची पोरं होती. वर्गात त्यांना साधी त्रैराशिकं जमत नव्हती, पण बारामतीला सायन्सला तीच गेली. मी मनाची समजूत घातली. त्यांना शिकवण्या असतील, गाइडं असतील. आपलं कमी, पण आपलं. ते वाक्य मी देवाच्या टाकासारखं जपलं. पुढं बी.एड. झाले, माझी शाळा ज्या संस्थेची, तिच्याच दुसऱ्या शाखेत लागले, आणि वर्गात पोरांना तेच वाक्य सांगायला लागले.

तर त्या दिवशी दुपारी सरांनी नियम सांगितले. मी मान खाली घालून लिहून घेतले. पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचा असेल. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाचा मास्तर शाळेच्या आवारात दिसता कामा नये. आणि शेवटचा नियम त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितला, "पर्यवेक्षकानं वर्ग सोडायचा नाही. आभाळ कोसळलं तरी सोडायचा नाही."

झडतीचं मी गिळून टाकलं. म्हटलं, माणूस खरा आहे. जीभ घसरली असेल.

माझी ड्युटी लागली सरांच्याच केंद्रावर. मी शिकले त्याच शाळेत. योग असा की खोलीसुद्धा तीच, जिच्यात मी दहावी लिहिली. माझी शिक्षणसेवकाची वर्षं संपत आली होती आणि कायम करायचं की नाही हे संस्था ठरवणार होती. संस्था म्हणजे अध्यक्ष, आणि अध्यक्षांच्या कानाशी सर. आई रोज विचारायची, "सर बोललं का गं?" मी म्हणायची, बोलतील.

भाषेचे पेपर नीट झाले. मग गणित आलं.

पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि शिपाई दारात आला. "बाई, चहाला बोलावलंय."

त्याच्या मागं एक मास्तर उभे होते. मी ओळखलं. ह्याच शाळेचे, गणिताचे. आवारात दिसता कामा नये ते.

मी म्हटलं, "चहा हितंच आणा की."

शिपाई गालात हसला. "चहा हितं येत न्हाय, बाई. चहाला जावं लागतं."

आमच्याकडं ही रीत आहे. सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नाही. पर्यवेक्षकाला चहाला सोडायचं. त्याच्या जागी तेवढ्यापुरता विषयाचा मास्तर उभा राहतो. तो हात मागं बांधून बाकांमधनं फिरतो आणि तोंडातल्या तोंडात उत्तरं सांगतो. पर्यवेक्षक परत येतो तेव्हा त्यानं काहीच पाहिलेलं नसतं. त्याला कुणी खोटं बोलायला लावत नाही, फक्त चहाला पाठवतात. हल्ली वर्गात कॅमेरा असतो. कॅमेऱ्यात एक मास्तर गेला, दुसरा आला, एवढंच दिसतं. कॅमेऱ्याला कान नसतात.

मी शिपायाला म्हटलं, "मोठ्या सरांना सांगा, असं असं चाललंय. त्यांना बोलवा."

सर लगेच आले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आता ह्या गणिताच्या मास्तरांची खैर नाही. सरांनी मला दाराबाहेर बोलावलं. मी उंबऱ्यापाशी गेले, आणि माझ्या मागून गणिताचे मास्तर आत शिरले. सर बघत होते. त्यांनी अडवलं नाही.

मग माईकवरची भाषा सोडून, घरच्यासारखं बोलले, "जा पोरी, चहा घेऊन ये. मी हाय हितं."

"सर, वर्ग सोडायचा नाही म्हणून तुम्हीच शिकवलंत."

"ते शिकवायचं असतं. अध्यक्षांचा नातू हाय आत. तुझी फाइल त्यांच्याच म्होरं जाणार हाय, आन् मीच नेऊन ठेवणार हाय. मग? कायम व्हायचंय न्हवं?"

मी म्हटलं, "सर, ह्याच खोलीत तुम्ही माझी चिठ्ठी फाडली होती."

सर हसले. वाईट नाही हसले. समजूत काढताना हसतात तसे हसले.

"फाडली की. येडी का काय तू? तवाबी शेजारच्या खोलीत हेच चाललं हुतं. तुमच्या खोलीत न्हवतं, कारण तुमच्यासाठी सांगायला कुणी आलं न्हवतं. आन् पथक आलं की त्यास्नी एक तरी खोली चोख दाखवावी लागती."

म्हणजे आम्ही दाखवायची खोली होतो. मेंढपाळांची, मजुरांची, ऊसतोड्यांची पोरं एका खोलीत घातली होती आणि तिथं सत्य ठेवलं होतं. शेजारी चहा जात होता. ज्या वाक्यावर मी माझं आयुष्य उभं केलं ते वाक्य सरांनी मला दिलं नव्हतं, पथकाला ऐकवलं होतं. माझं सायन्स हुकलं नव्हतं. ते माझ्याकडून काढून शेजारच्या खोलीत दिलं होतं. आणि मी वर्षानुवर्षं ह्या माणसाच्या पाया पडत होते! कुंपणानं शेत खाल्लं, आणि शेत कुंपणाला हात जोडून उभं. स्टेजवरची जीभही घसरलेली नव्हती. सर आम्हाला पहिल्यापासून तेच समजत होते.

आतून पुटपुटणं ऐकू यायला लागलं. नातवाच्या रांगेत मास्तर फिरत होते. जवळची पोरं कान देऊन लिहीत होती. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, रडकुंडीला आलेलं तोंड. मास्तरांकडं नाही, दाराकडं बघून मला म्हणाली, "बाई, ह्या सरांस्नी गप करा की. मला सुचंना झालंय."

सगळा वर्ग तिच्याकडं बघायला लागला. ती बसली नाही. मी काय करते ते बघत उभी राहिली.

मी आत गेले. मास्तरांना म्हटलं, "बाहेर व्हा."

त्यांनी सरांकडं पाहिलं. सर उंबऱ्यावरून म्हणाले, "बाई, विचार करा." आता मी 'पोरी' नव्हते.

कमरेची पिशवी काढली. भंडारा आईनं पुन्हा भरून दिला होता. ती मी टेबलावर, बरोबर कॅमेऱ्यासमोर ठेवली. म्हटलं, "सर, माझी झडती तुम्ही घेतली, सगळ्यांसमोर. आता ह्या मास्तरांची मी घेते. का ते बाहेर जातात?"

मास्तर गेले. मुठीत काहीतरी चुरगाळत गेले. नातू पेन चावत बसला, आणि मुलगी खाली बसून लिहायला लागली. मी पेपर संपेपर्यंत उभी होते.

दुसऱ्या दिवशीपासून माझी ड्युटी काढली. कारण सांगितलं, तब्येत. माझ्या तब्येतीला काय धाड भरली होती? जे झालं ते मी बोर्डाला लेखी कळवलं, माझ्या नावानिशी. अजून उत्तर नाही. कायम करायचा निर्णय संस्थेनं पुढं ढकललाय. म्हणतात, बाईंमध्ये सहकार्याची वृत्ती दिसत नाही.

आईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "माझ्या हातचा च्या पिऊन गेला हुता गं त्यो." एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. सरांना ती 'त्यो' म्हणाली, जन्मात पहिल्यांदा. मला सरांच्या बोलण्यानं रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

पुष्कळांनी सांगितलं, सरांना भेट, पाय धर, मोठं मन आहे त्यांचं. पाय मी धरणार नाही. त्यांचे उपकार होते ते फिटले, आणि त्यांनीच फेडून घेतले. माझे मार्क कमी आहेत, पण त्या इमारतीत खरे असलेले मार्क आमच्याच खोलीचे होते. ते सरांमुळं खरे नव्हते. मी लिहिले म्हणून खरे होते.

यंदाचं प्रशिक्षण जवळ आलंय. शिकवायला तेच सर आहेत. पर्यवेक्षक म्हणून मला बोलावलेलं नाही. तरी मी बारामतीला जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे. कॉपी करणारा उमेदवार पाहिजे असं सर माईकवर म्हणाले की कुणाकडंही बोट जायच्या आत मी उठणार आहे. स्टेजवर जाणार आहे आणि त्यांच्या हातातला माईक घेणार आहे. म्हणणार आहे, बसा सगळे. इथली कॉपी कमरेला नसते. ती कशी होते ते मी करून दाखवते.

आणि मग सरांकडं वळून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणणार आहे, "सर, चहाला जाऊन या."