मागे न फिरणारा सारस

आमच्या मामेसासऱ्यांपेक्षा हट्टी माणूस गोंदिया जिल्ह्यात असेलही. मला तो भेटलेला नाही आणि भेटू नये, अशीच माझी इच्छा आहे. हे माझ्या बायकोचे मामा, दवनीवाड्याचे, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. त्यांचा हट्ट एकच, मागे फिरायचं नाही. छत्री विसरली तर भिजत जातील, पण उंबऱ्याबाहेर पडलेलं पाऊल परत आत घेणार नाहीत. एकदा गोंदियाहून येताना बसमध्ये त्यांना डुलकी लागली आणि गाव मागे पडलं. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, इथंच उतरा, चालत मागं जा." मामा म्हणाले, "कायले?" आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन, तिथे एका जुन्या विद्यार्थ्याकडे पोटभर जेवून, दुसऱ्या रस्त्याने येणाऱ्या बसने घरी आले. जवळच्या बिरसी विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालू लागली की त्यांचा जीव नुसता कासावीस होतो. "उडाला तिथंच परत उतरून राहिला! मंग गेला कायले?"

असा माणूस निवृत्तीनंतर पुस्तक लिहायला बसला. विषय, आपल्या भागातले धानाचे जुने वाण. मी गोंदियात कॉम्प्युटरची कामं करतो, तेव्हा जावई म्हणून ही सेवा आपोआपच माझ्याकडे आली. मी त्यांना एक जुना कॉम्प्युटर दिला आणि त्यात नुसता मजकूर टाइप करायचा साधा एडिटर. मामांनी आधी सगळ्या वाणांची नावं एकाखाली एक लिहून ठेवली आणि पहिल्यापासून एकेकाचा मजकूर भरत निघाले. "जावईबापू, किती झालं आन् किती राहिलं, कसं समजायचं?" असं त्यांनी विचारलं आणि मला नको ती हौस आली. त्या एडिटरला जोडायचा एक गमतीचा प्लगिन होता. पडद्याच्या तळाशी माहितीची पट्टी असते, तिच्यावर एक मांजर धावायचं. मजकुरात आपण जितके पुढे, तितकं मांजर उजवीकडे. मी तो पेनड्राइव्हवर आणला, ठरल्या फोल्डरमध्ये टाकला, सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि मांजर धावलं. मामा खूश. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि कप हातातच राहिला. "अवो, दिवसभर मांजर आडवी जाऊन राहिली! असं पुस्तक पुरं होते काय?" मामांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण मामा लिहायचे आणि मामी वाचून तपासायच्या, असा करार होता, आणि तपासणी कडक होती. "लुचईचा भात मऊ होते, असं लिहिलं. कोण शिजवला होता, तुमी?" तेव्हा मांजराला जावंच लागलं.

मांजराच्या जागी आमच्याकडे धानाच्या शेतांत दिसणारा सारस पक्षी ठरला. मामांनी आलेखाच्या कागदावर एकेक चौकट रंगवून सारस काढला आणि मी तो प्लगिनमध्ये बसवला. पण पट्टीची उंची ती केवढी! पहिला सारस पडद्यावर आला तो बिनडोक्याचा. मी म्हटलं, "मामाजी, बगळ्यावर भागवू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बगळ्याचं नाव काढलं नाही. पट्टी जाड केली, तर लिहायला जागा उरेना. अकराव्या कागदावर त्यांनी मान खाली वाकवून चरणारा सारस काढला, आणि तो नीट मावला. मग नवा हुकूम निघाला. आधीची ओळ पाहायला वर गेलं तरी सारस मागे येता कामा नये. "मागं फिरते तो सारस माह्या पुस्तकात नको." डोक्याला हात लावून मी तीही एक ओळ लिहिली. एवढं झाल्यावर मामी म्हणाल्या, "एकटाच कायले? सारस कधी एकटा पायला काय?" झालं! दुसरा सारस आला. पहिला मामांचं लिखाण कुठवर आलं ते दाखवणार, दुसरा मामींचं वाचन. वाचलेलं पान पटलं की मामींनी एक बटण दाबायचं, मग त्यांचा सारस पुढे सरकणार. बटण ओळखू यावं म्हणून त्यांनी कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवली. मामांनी जाहीर केलं, "दोघं उजव्या काठाले शेजारी उभे राह्यले, का पुस्तक छापाले."

दोन वर्षांनी मामांचा सारस काठाला लागला. मामींचा निम्म्याच्याही अलीकडे थांबला होता. त्यांना दिसेनासं झालं होतं. मोतीबिंदू काढला, पण डॉक्टर म्हणाले, आतला पडदाच गेला आहे, आता वाचणं होणार नाही. मामांनी अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, शेवटी पडद्यावर तीनच शब्द मावू लागले. मामींना तेही लागेनात. मी भीत भीत म्हटलं, "मामाजी, लिहून तर झालंय. छापायला देऊ या." त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. चांगले आठ दिवस तो चालूच केला नाही. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. "जावईबापू, तो सारस मागं फिरवता येते का?"

मी त्याच दिवशी गेलो आणि ती एक ओळ खोडून टाकली. मामांनी वर जायचं बटण दाबून धरलं. सारस मागे निघाला. पट्टीवरची ती वीतभर वाट संपेपर्यंत मामांनी पापणी हलवली नाही. मामींच्या सारसापाशी तो थांबला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चार ओळी झाल्या नसतील, मामी म्हणाल्या, "खोटं. चिन्नोरचा दाणा असा नसते. खोडा." मामांनी खोडलं.

पुस्तक अजून छापलेलं नाही. मी विचारायचंही सोडलं आहे. रोज दुपारी मामा वाचतात, मामी भांडतात, मामा खोडतात आणि पुन्हा लिहितात. पान एकदाचं पटलं की मामी हात पुढे करतात, बोटांनी चाचपत ती टिकली शोधतात आणि दाबतात.