राखून ठेवलेले तीन किलो

तंजावूरच्या मेलवीथी या रस्त्यावरचे शेजारी म्हणत, "अंबुजाबाई चंद्राकडे जाणाऱ्या वजनाचा हिशेब मांडतात, स्वतःला मात्र पापनाशमच्या बसमध्ये कधी बसायला मिळत नाही."

ते खरेच होते. त्यांचे कॉलेज तंजावूरहून पापनाशमला जाणाऱ्या रस्त्यावर, कालव्यापलीकडे. सकाळच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस "थोडं सरका" म्हणत टेकतो आणि सगळे सरकतात. अंबुजाबाईंना तसे म्हणणे जमले नाही. खांद्यावरची पिशवी सावरत त्या दांडा धरून उभ्या राहत. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले. निवृत्तीनंतर कॉलेज चालवणारी संस्था त्यांना एकेका वर्षाची मुदतवाढ देई. गुडघे आता ऐकत नव्हते, घरी बसावे असे रोज वाटे. यंदाची मुदतवाढ त्यांना हवी होती ती एवढ्यासाठीच, की काही कॉलेजांनी मिळून बांधलेले लहानसे यान चंद्राकडे निघेपर्यंत त्याच्या वजनाचा हिशेब आपल्या हाती राहावा.

हिशेब दिसायला साधा होता. एका खासगी कंपनीचे रॉकेट पृथ्वीलगतच्या कक्षेत पाचशे किलो नेऊन सोडते. लोक तेवढाच आकडा लक्षात ठेवत. पण तिथून चंद्राची वाट धरायची, तर त्या पाचशेतले तीनशेहून अधिक किलो इंधन म्हणून जळून जाते. उरलेल्या एकशे त्र्याऐंशीत रिकामी टाकी, इंजिन आणि यान बसवायचे कडे हेही आलेच. त्यांनाही सोबत न्यावे लागते. ते वजा जाता अठ्ठ्याण्णव किलो राहत. अंबुजाबाईंनी त्यातले पंच्याण्णव यानाला दिले होते आणि तीन राखून ठेवले होते. इंजिन शेकड्याला एकानेही कमी भरले, तर जवळजवळ दोन किलो तिथेच जातात. टाकीच्या तळाशी न जळता थोडे इंधन राहते, ते वेगळे.

या तीन किलोंची गोष्ट गावभर झाली. शेजारची राजम एका संध्याकाळी कागदाची पुडी घेऊन आली.

"अक्का, देवळातलं कुंकू आहे. चिमूटभरच. एवढ्यानं तुझं रॉकेट खाली येणार आहे का?"

"तुझी चिमूट मला ठाऊक आहे, राजम. सांबारात मीठ घालतेस तीच ना?"

राजम हसली, पुडी ओट्यावर ठेवून गेली. अंबुजाबाई बराच वेळ पाय पसरून तशाच बसून राहिल्या. कुणाला शेतातली माती पाठवायची होती, कुणाला भाताची लोंबी. प्रत्येकाला नाही म्हणता म्हणता त्या थकल्या होत्या.

संस्थेचे विश्वस्त गणेशकुमार यांचे मागणे मात्र चिमटीचे नव्हते. त्यांनी पितळेवर चांदी-तांब्याची नक्षी चढवलेले तंजावुरी ताट घडवून घेतले होते. मधोमध वडिलांचे नाव. त्यांनी ते टेबलावर ठेवले, शेजारी मुदतवाढीचा कागद. त्यावर त्यांची सही व्हायची होती.

"वजन दीड किलोच आहे, मॅडम."

"सर, मागच्या बैठकीत मी सांगितलं होतं. तिथे जागा नाही."

"तीन किलो मोकळे ठेवलेत म्हणे."

"ताट चढवलं आणि इंजिन जरा कमी पडलं, तर यान चंद्रापर्यंत पोहोचणार नाही. मुलांची तीन वर्षांची मेहनत आहे त्यात."

"आणि नाही कमी पडलं तर? अप्पांचं नाव चंद्रापाशी जाईल." त्यांनी कागदावर बोट ठेवले. "तुम्हालाही ते यान जाताना बघायचंय ना? मग थोडं सरकवा, बसेल."

अंबुजाबाईंनी कागदाकडे पाहिले. मग खुर्चीच्या हाताचा आधार घेत त्या हळूहळू उठल्या आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"ते मोकळे नाहीत, सर, इंजिनाच्या चुकीसाठी आहेत. ही काही पापनाशमची बस नाही. ताट घरी न्या, आणि सही करायची नसेल तर करू नका."