मठातल्या बायांच्या सिनेमाचा तिसरा डबा

तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले. पण आठवण काढायला बसलो की आधी म्हसावदचा तो चोरीचा गुन्हाच मनात येतो.

मी तेव्हा नवा फौजदार होतो. गावाबाहेर फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता. चित्र विलायती, मुके. जुन्या काळातला ख्रिस्ती जोगिणींचा मठ. थोरली जोगीण उपासाचा उपदेश करते आणि कोठीत लपून कोंबडी खाते. माळी जोगिणीचा वेष घेऊन मठात शिरतो. मालक पडद्याशेजारी उभा राहून अहिराणीत गोष्ट सांगे. पहिल्या खेळाला लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी चित्राच्या रिळांच्या पाच डब्यांपैकी तिसरा डबा नाहीसा झाला.

मालक धावत चौकीवर आला. "साहेब, संध्याकाये खेळ नही व्हयना ते लोके मन्हा तंबू जाळतीन!"

पंचनामा चालू असतानाच पाणक्याने खबर दिली. दुपारी तंबूच्या गाडीजवळ पांढऱ्या साडीतली बाई दिसली होती. पांढऱ्या साड्या फक्त मिशनच्या दवाखान्यात. मी तिकडे गेलो.

दवाखाना चालवणाऱ्या वयस्क विलायती सिस्टरने मला बोलूही दिले नाही. "फौजदारसाहेब, डबा मी घेतला. त्या चित्रात आमची निंदा आहे."

इतकी सोपी कबुली मला कधी मिळाली नव्हती. जबाब लिहिता लिहिता सहज विचारले, "डबा केवढा होता?"

त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक चौकोनी पेटी दाखवली. सिनेमाचा डबा थाळीसारखा गोल असतो. मी लेखणी खाली ठेवली. दारात दवाखान्यात शिकणारी सातपुड्यातली एक तरुणी उभी होती. तिने मान खाली घातली.

"ताई, तुम्ही पाहिलाय तो डबा?" मी विचारले.

ती आत गेली आणि पट्ट्यांच्या पेटीतून डबा काढून तिने माझ्यापुढे ठेवला. सिस्टर तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काल माझा बाप खेळाला होता," ती म्हणाली. "मालक ओरडून बोलला, आपल्या मिशनमधल्या बाया बी अशाच. सगळे हसले. बाप सकाळी मला न्यायला आला, अजून बाहेर बसलाय. आज पुन्हा खेळ झाला असता तर इथं शिकणाऱ्या उरलेल्या दोघींचे बापही आले असते."

"चित्रात तसं आहे?"

"चित्रात मिशन कुठंय, साहेब? ते बोल मालकाचे."

मी मालकाला बोलावून सरळ विचारले. तो चपापला. "लोके हासाले पाहिजेत ना, साहेब! म्हनीसन मी ते जोडं." डबा हाती आल्यावर त्याने फिर्याद मागे घेतली. मी एकच अट घातली, आजचा खेळ तोंडातून शब्द न काढता दाखवायचा.

संध्याकाळी तिच्या बापाला शेजारी बसवून मी ते चित्र पाहिले. थोरली जोगीण कोंबडीचे हाड झग्यात लपवते तिथे म्हातारा खदखदून हसला. खेळ संपल्यावर म्हणाला, "ह्या बाया कोनी येगळ्याच शेतस, मिशनन्या नही." पोरीला त्याने दवाखान्यातच ठेवले.

नाकबूल माणसाला आम्ही दहा ठिकाणांहून तपासतो आणि कबुली मिळाली की कागद बंद करतो. मीही केला असता, आणि एक निरपराध बाई कोर्टात उभी राहिली असती. पुढे कोणी गुन्हा कबूल केला की मी त्याला आणखी एक प्रश्न विचारू लागलो : हे तू कोणासाठी बोलतो आहेस?