एका बुटाची साक्ष

त्या गल्लीतला मोची माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघायचा नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की याची नजर पायांवर, आणि जोडा हातात आला की पहिल्यांदा तो उलटा करून तळ बघणार. मग सांगायचा, तुम्ही हल्ली डाव्या गुडघ्याला जपता. तुमचं काम दिवसभर उभ्याचं आहे. तुमचं वजन वाढलंय, पण घरी बोलू नका. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी तो झिजलेल्या टाचेवरून माणसाची परीक्षा करायचा आणि ती सहसा चुकत नसे. गल्लीतले लोक चेष्टेने त्याला ज्योतिषी म्हणत. त्याला ते मुळीच खपत नसे, कारण तो दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा आणि बायबल समजून वाचणारा माणूस. यात ज्योतिष कसलं आलंय, तो म्हणायचा. माणूस बोलताना चुकेल, मुद्दाम फसवेल, पण तळ खोटं बोलत नाही.

हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याने नुसतं "माणूस बोलताना" म्हटलं तरी आतल्या खोलीतून त्याची धाकटी बहीण ओरडायची, "दादा, तळाचं पुराण पुरे, जेवायला ये."

दुकानामागे दोन खोल्या. त्यात तो, ही विधवा बहीण आणि त्याची पंधरा वर्षांची मुलगी. मुलीला सगळे चिमणी म्हणत. चिमणीची आई चार वर्षांपूर्वी गेली होती. चिमणी तीन वर्षांची असताना तिला आलेला एक ताप कमरेच्या सांध्यात उतरला आणि डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. तेव्हापासून तिचा डावा बूट बापच करी. बुचाचे पातळ थर एकावर एक चिकटवायचे, तासायचे, आणि वरून एकाच कातड्याने असे मढवायचे की बघणाऱ्याला वाटावं बुटाची घडणच तशी आहे. दर सहा महिन्यांनी तो तिच्यापुढे गुडघे टेकून माप घ्यायचा. ती एक पाय उचलायची आणि तोल राहावा म्हणून तळहात बापाच्या डोक्यावर ठेवायची. केस विरळ व्हायला लागले तेव्हा म्हणाली होती, "बाबा, इथे यंदा पीक कमी आलंय." इतकी वर्षं मापं घेतली, पण तिने दुसरा आधार कधी शोधला नाही.

संध्याकाळी दुकान बंद झालं की तो एक अध्याय मोठ्याने वाचायचा. चिमणीचा आवडता अध्याय त्या तळ्याकाठच्या आजाऱ्याचा. अडतीस वर्षं पडून राहिलेला माणूस, आणि येशूच्या एका शब्दासरशी अंथरूण काखोटीला मारून चालायला लागला. चिमणी हिशेब करायची, त्याला अडतीस लागली, मला तर आत्ता कुठे बारा झाली. त्यात रड नव्हती, हट्टही नव्हता. आज ना उद्या पाहुणा येणार म्हणून घरात एक खुर्ची रिकामी ठेवतात, तसं ते होतं. बापही म्हणायचा, प्रभूच्या मनात येईल तेव्हा. आणि तो ते मनापासून म्हणायचा.

हिवाळा सरता सरता करड्या कोटातला एक परका माणूस दुकानात आला. त्याला एकच बूट हवा होता, डाव्या पायाचा, चांगला तीन बोटं उंच केलेला. भाऊ दूर असतो, येऊ शकत नाही, म्हणून मापं कागदावर आणली होती. मोच्याने मान हलवली. पाय बघितल्याशिवाय, माणूस चार पावलं चालल्याशिवाय त्याने असा बूट कधी केला नव्हता. पण पाहुणा अजीजीने बोलला, भावाचे हाल सांगितले, आणि मोच्याला घरातला पाय आठवला. त्याने बूट केला, आणि जीव ओतून केला. नेहमीप्रमाणे बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचे दोन आडवे-उभे टाके घातले. ती त्याची खूण होती.

दोन महिन्यांनी गावात एक उपदेशक आला. प्रार्थनेने रोगी बरे करतो अशी त्याची ख्याती होती. चर्चचे म्हातारे पाळक आधी का-कू करत होते, पण वर्षानुवर्षं अर्ध्या रिकाम्या बाकांपुढे बोलून तेही थकले होते. त्यांनी सभागृह दिलं. रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बहीण, चिमणी आणि मोची तिसऱ्या रांगेत बसले होते. प्रार्थना रंगात आली तेव्हा मागून एक माणूस लंगडत लंगडत पुढे आला. म्हणाला, जन्माचा पांगळा आहे. दोन महिने हा बूट घालून गावोगाव फिरतोय, पण दुखणं सोसवत नाही. उपदेशकाने त्याला खुर्चीवर बसवलं, पाय हातात धरला, डोळे मिटले. मग एका झटक्यात बूट काढून मंचावर फेकला आणि म्हणाला, चाल. माणूस उभा राहिला आणि अनवाणी, सरळ चालला.

बूट घरंगळत मंचाच्या कडेला आला होता. मोच्याला जिभेतला लाल दोरा दिसला.

चारचौघांत कधी तोंड न उघडलेला हा माणूस ताडकन उठला, पुढे गेला आणि बूट उचलून सगळ्यांना दाखवला.  म्हणाला, "हा बूट मी केलाय. ही माझी खूण. या पायाची मापं माझ्या दुकानात आहेत. मी साक्षीदार आहे."

उपदेशकाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. ते मोच्याला फार उशिरा आठवलं. त्या वेळी दिसलं ते एवढंच, की उपदेशकाने त्याला मिठी मारली आणि सगळं सभागृह उभं राहिलं. तोपर्यंत हात बांधून बसलेलेसुद्धा रडायला लागले. बाहेरगावच्या उपदेशकाचं ऐकायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण आपल्या मोच्याच्या शब्दावर बोट ठेवायला जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच जोडा त्याच्या हातात आला होता आणि त्याने तो उलटा करून बघितला नव्हता.

चिमणी बापाकडे बघत होती. मग ती उठली, पुढे आली, खुर्चीवर बसली आणि स्वतःच्या हाताने डाव्या बुटाची नाडी सोडली. उपदेशकाने प्रार्थना केली. ती उभी राहिली, दोन पावलं टाकली, तोल गेला. उपदेशक म्हणाला, काहींना तत्काळ मिळतं, काहींना दिवसागणिक. विश्वास ठेव, आणि हा बूट पुन्हा घालू नकोस. घातलास तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. लोकांनी मंचापाशी काढून टाकलेल्या जोड्यांचा ढीग झाला होता, बूट त्यात गेला. उपदेशक आठवड्याने गाव सोडून गेला.

पुढचे पाच महिने त्या घराने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. चिमणी साध्या सपाट जोड्यात शाळेला जाऊ लागली. आधी पाऊल दुखायचं, मग गुडघा, मग कंबर. शाळेच्या जिन्यावर दोनदा पडली. आत्या पाठ चोळून द्यायची आणि डोळे पुसायची. चिमणी म्हणायची, आज थोडं कमी आहे. ते खरं नव्हतं, पण तसं म्हणणं म्हणजेच विश्वास, असं उपदेशक तिला शिकवून गेला होता. मग ती स्वतःतच खोट शोधायला लागली. कधीतरी साखर चोरून खाल्ली होती ती कबूल केली. वर्गातल्या एका मुलीचा राग होता, तिच्या घरी जाऊन क्षमा मागून आली. ती मुलगी बिचारी चक्रावून गेली. आई गेली तेव्हा देवाला मनातल्या मनात बोलले होते, ते असेल का बाबा, असं तिने एकदा विचारलं. बाप म्हणाला, धीर धर. दुसरं काय म्हणणार? त्याने तो लाल दोरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मग एका सकाळी म्हातारे पाळक एक पोतं घेऊन दुकानात आले. सामानाची खोली साफ करताना त्या ढिगातले जोडे निघाले होते. गरजूंना द्या, कुणाला काय बसेल ते तुम्हालाच कळतं, म्हणाले आणि गेले. मोच्याने पोतं खिडकीखाली रिकामं केलं. वर चिमणीचा बूट होता. तो त्याने हळूच बाजूला ठेवला. खाली तो दुसरा, तीन बोटांचा. हाताला सवयच होती. त्याने तो उलटा केला.

तळ जवळजवळ कोरा होता. दोन महिने गावोगाव फिरलेल्या पांगळ्याचा बूट पुढच्या कडेला आणि बाहेरच्या बाजूला झिजतो. याची फक्त टाच मागून जरा घासली होती. धडधाकट माणूस गुडघा वाकवून लंगडल्याचं नाटक करतो तेव्हाच टाच अशी घासते. त्याने आत हात घातला. कातड्यावर पायाच्या बोटांचे ठसे उमटलेले नव्हते. नाडीला जिभेखाली कुणीतरी इलास्टिक जोडलं होतं, एका झटक्यात बूट निघावा म्हणून. त्यासाठी त्याचे टाके उसवून वर दुसऱ्याच्या हातचे, घाईचे, वेडेवाकडे टाके घातले होते. लाल खूण मात्र जपून ठेवली होती.

बहीण चहा घेऊन आली तर हा आरी हातात धरून नुसता बसलेला.  त्याला शिसारी आली होती, आणि ती त्या करड्या कोटवाल्याची कमी, स्वतःचीच जास्त होती.

तो पाळकांकडे गेला. टेबलावर बूट ठेवून एकेक गोष्ट दाखवली. पाळक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग कबूल केलं की शंका त्यांनाही आली होती. पण चर्च इतकं भरलं, लोक इतके गायले, की त्यांना वाटलं, चुकीच्या हाताने पेरलं तरी बी तर चांगलंच आहे.

"तुम्ही मुलीला सांगू नका," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बूट घालायला सांगितलंय म्हणा. तिचा विश्वास मोडू नका."

मोची म्हणाला, "पाळकसाहेब, पाच महिने ती स्वतःला पापी समजून चाललीय. तुम्हाला शंका होती, आणि तुम्ही तिला दर रविवारी बघत होतात."

पाळकांनी मान खाली घातली. मोच्याने बूट उचलला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने निघताना आशीर्वाद मागितला नाही.

तरी घरी येईपर्यंत पाळकांचा सल्ला त्याच्या मनात घोळत होताच. डॉक्टरांचं नाव सांगणं किती सोपं होतं! आणखी एक लहानसं खोटं, प्रेमापोटी. पण दुकानात शिरताना त्याने चिमणीला भिंतीला धरून आतल्या खोलीतून येताना बघितलं, आणि तिला खिडकीशी बोलावलं. काही न लपवता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझ्यात काही खोट नव्हती, पोरी. कधीच नव्हती."

त्याला वाटलं होतं ती रडेल, निदान चिडेल. तिने बूट हातात घेतला, बापासारखाच उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "बाबा, त्या तळ्याकाठच्या माणसाचे तळ कुणी बघितले होते?"

तो गांगरला. "ते वेगळं, चिमणे. ते खरं आहे. ते बघणाऱ्यांनी लिहून ठेवलंय. साक्षीदार होते."

"साक्षीदार तर तुम्हीपण होतात," ती म्हणाली.

  आज येशूवरचा त्याचा स्वतःचा विश्वास मेला का, असं कुणी विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि लगेच दुसरा जोडा हातात घेईल. खोटं नाणं चाललं म्हणून खरं नाणं खोटं होत नाही, हे त्याला कळतं. पण ज्याने खोटं नाणं खरं म्हणून तिच्या हातावर ठेवलं, त्यानेच पुन्हा खरं द्यायला जावं तर तिने का घ्यावं? तो संध्याकाळी अजून अध्याय वाचतो. चिमणी समोर बसून दोऱ्याला मेण लावते, उद्धटपणा करत नाही, मध्ये बोलत नाही. तळ्याचा अध्याय जवळ आला की बापच चार पानं पुढे उलटतो. ते तिच्या लक्षात येतं, हे त्याला माहीत आहे. देव आहे की नाही यावर ती वाद घालत नाही. तिने फक्त वाट बघणं सोडून दिलंय. आत्या म्हणते, मुलगी फार शहाणी झाली, आणि आत जाऊन रडते.

नवा बूट करायचा ठरला त्या सकाळी त्याने नेहमीसारखं तिच्यापुढे गुडघे टेकले. पाच महिन्यांत कंबर आणखी कलली होती. दोन बोटांचं माप अडीचवर गेलं होतं. तो टेप लावून थांबला, मान किंचित खाली करून, डोक्यावर हात येईल म्हणून. चिमणीने पाय उचलला आणि दाराची चौकट धरली.