दुसऱ्या टोकाचे टेलरमास्तर

टेलरमास्तरांनी अकरा वर्षांत एकही वाइड टाकला नव्हता, आणि ही गोष्ट जगात फक्त त्यांनाच ठाऊक होती.

रविवारच्या सामन्याला ते दुकानातला खडू खिशात घालून जात, जिथून धावत यायचं तिथे त्याने खूण करत आणि मग सहाच्या सहा चेंडू एकाच वीतभर जागेवर टाकत. कापड कापताना सूतभरही न चुकणारा हात मैदानावर तरी कसा चुकणार? फलंदाजाला ना पुढे येता येई, ना मागे जाता येई. धावा नाहीत, पण विकेटही नाही. बघणारे जांभया देत. एकदा तर अंपायर उभ्याउभ्या पेंगले होते.

दुसऱ्या टोकाकडून त्यांचा मेव्हणा यायचा, तो वाऱ्यासारखा. त्याचे चेंडू कुठेही पडत, पण विकेट्स मात्र धडाधड मिळत. मास्तरांच्या ओव्हरमध्ये जीव घुसमटलेला फलंदाज मेव्हण्याला पाहून सुटल्याच्या आनंदात बॅट फिरवायचा आणि त्याची दांडी गुल व्हायची. हे साधं गणित कोणाच्याच डोक्यात शिरलं नव्हतं. मेव्हण्याचे सात चषक मास्तरांच्या कपाटावर होते, कारण त्याच्या स्वतःच्या घरात जागा उरली नव्हती. ते पुसायचं काम मास्तरांकडे होतं.

"माझ्या भावाकडून शिका जरा काहीतरी," बायको म्हणायची.

"शिकतो की," म्हणून मास्तर चषकावर फुंकर मारायचे.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांची ओव्हर सुरू झाली, की मेव्हणेबुवा सीमारेषेवर जाऊन बूट काढायचे आणि पायांना वारा देत उभे राहायचे. "दाजींच्या चेंडूवर इकडे काय येणार?" वर्षाकाठी एखादा झेल यायचाही, पण अनवाणी पायांनी काटे चुकवत स्वारी पोचेपर्यंत चेंडू जमिनीवर. मास्तर हसून परत फिरत. पण ते मनाला लागायचं, फार लागायचं. आपला इथे काही उपयोग आहे, एवढं एकदा कोणीतरी म्हणावं, बस्स.

म्हणाला तो कॅप्टन, पण उलटंच. तो औषधाचा दुकानदार, वही उघडून म्हणाला, "मास्तर, गेल्या वर्षी दोन विकेट्स. राग मानू नका, पण आता नव्यांना जागा देऊ या. संघाचे कपडे मात्र तुम्हीच शिवा हं."

मास्तर "बरं" म्हणाले. घरी येऊन त्यांनी दोन दिवस चषक पुसले नाहीत. त्यांच्या बंडाची मजल एवढीच.

पुढच्या तीन सामन्यांत मेव्हण्याची अक्षरशः पिसं निघाली. तिसऱ्यात तर चेंडूमागे झेपावताना त्याची पँट मागून फाटली. सोमवारी तो दुकानात आला, पँट काढून मास्तरांच्या हवाली केली आणि पडद्याआड उभा राहिला. तेवढ्यात बँकेच्या संघाचा सलामीवीर कोट अंगावर घालून बघायला आला.

"मास्तर, कुठे गायब झालात? आमची चंगळ केलीत तुम्ही!"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी डोळ्यांनी पडद्याकडे खुणावलं, पण गडी रंगात आला होता.

"तुम्ही होतात तेव्हा तुमच्याकडून एक धाव सुटायची नाही. मग तुमच्या मेव्हण्यावर तुटून पडायचं आणि बाद व्हायचं, दुसरा इलाजच नसायचा. आता कसली घाई? निवांत थांबतो, त्याचा वाईट चेंडू येतोच, मग हाणतो. त्याच्या निम्म्या विकेट्स तुमच्याच होत्या हो!"

मास्तरांनी कोटाच्या बाहीला चुकीच्या जागी टाचणी लावली. सलामीवीर गेल्यावर पडद्याआडून एक हात बाहेर आला.

"दाजी, पँट."

मेव्हण्याने ती घातली आणि मान खाली घालून तो निघून गेला. शनिवारी कॅप्टन स्वतः दुकानाच्या पायरीवर हजर. "उद्या या, मास्तर. तुमचा मेव्हणा हटून बसलाय. 'दाजी नसतील तर मीही नाही,' असं म्हणतो."

रविवारी पुन्हा बँकेचाच संघ होता. मास्तरांनी खडूने खूण केली, चेंडू हातात घोळवला आणि सवयीने सीमारेषेकडे पाहिलं.

मेव्हणा गुडघ्यांत वाकून, हात पुढे करून उभा होता. पायांत बूट होते. नाड्यांना दुहेरी गाठी होत्या.

"टाका दाजी!" तो ओरडला. "मी आहे इथे!"

मास्तर धावत निघाले खरे, पण ती वीतभर जागा त्यांना नीट दिसेना. बाहीने डोळे पुसायला वेळ नव्हता. चेंडू हातातून सुटला आणि फलंदाजापासून चांगला दोन हात लांबून गेला. अंपायरना हात पसरायचं सुचायलाच थोडा वेळ लागला. अकरा वर्षांतला मास्तरांचा तो पहिला वाइड होता.