तांत्रिक बिघाडाची बातमी

"ही बातमी नाही. हे तुझ्या घरचं गाऱ्हाणं आहे."

संपादक एवढंच म्हणाले. सांगलीच्या आमच्या ऑफिसात सकाळची बैठक चालू होती. टेबलाभोवतीचे सगळे हसले. एकजण म्हणाला, "जयंतीला डीजे लावून नाचायला जोर असतो. पाणी आणायलाच नाही होय?" पुन्हा हसले. मग चहा आला. मीही कप उचलला आणि मान खाली घालून प्यायले.

गाऱ्हाणं असं होतं. शिराळ्याकडच्या माझ्या गावात आमच्या बौद्धवस्तीची जयंतीची मिरवणूक यंदा पहिल्यांदा मुख्य चौकातून गेली. दुसऱ्या दिवसापासून वस्तीच्या नळाला थेंब नाही. बाकी गावाला पाणी होतं. टाकीजवळ वस्तीकडे येणाऱ्या लाइनचा वेगळा व्हॉल्व्ह आहे, तो कुणीतरी फिरवून ठेवला होता. आत्याचा फोन आला. "बंद पडलं न्हाई गं, बंद केलंय. मळ्यातल्या हिरीवर गेलो तर मालक म्हंतोय हितनं न्यायचं न्हाई. तू पेपरात हायस न्हवं? मग दे की छापून."

मी गावी गेले. गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला टाकीपाशी गाठलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "व्हय ताई, मीच फिरवलाय. सरपंचांनी सांगितलं. पर माजं नाव घिऊ नगा." सरपंचांना फोन करून त्यांचंही म्हणणं विचारलं. ते म्हणाले, "तांत्रिक बिघाड आहे, दुरुस्ती चालू आहे." नियमाप्रमाणे दोन्ही बाजू घेऊन मी बातमी लिहिली. तीच बैठकीत ठेवली होती.

नंतर संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू त्यातली. तुझं लिहिणं एकतर्फी होणारच. आपल्याला गावात तेढ वाढवायची नाही. सरपंच काय म्हणाले तेवढं चार ओळींत कर."

तेढ! व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यानं ती वाढवली नव्हती. विहिरीवरून बायकांना हाकलणाऱ्यानंही नाही. ती माझ्या लिहिण्यानं वाढणार होती. आणि एकतर्फी म्हणाल, तर याच संपादकांच्या गावच्या जत्रेचं अख्खं पान मी लावलं होतं. पालखी, मानकरी, कुस्त्या, त्यांच्या चुलत्यांचा फेटा बांधलेला फोटो. तेव्हा तुम्ही त्यातले, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

मी भांडायला हवं होतं. भांडले नाही. मला नोकरीत कायम व्हायचं होतं. वस्तीतून त्या टेबलापर्यंत पोचलेली मी पहिलीच, ती खुर्ची मला सोडवत नव्हती. जबरदस्ती झाली म्हणू कशी? त्या चार ओळी टाइप करणारी बोटं माझीच होती. 'तांत्रिक बिघाडामुळे पाणीपुरवठा खंडित.' लाज वाटते, पण सांगते. शीर्षक एका ओळीत नेमकं बसलं, याचं मला त्या वेळी बरंही वाटलं होतं.

बातमी छापून आली आणि दोन दिवसांनी आत्याचा फोन आला. ती वस्तीतल्या बायका घेऊन पंचायत समितीत तक्रार द्यायला गेली होती.

"सायबानं पेपरच म्होरं केला बग. म्हणला, हितं लिवलंय बिघाड हाय, दुरुस्ती चाललीय, घरी जावा. तक्रार घेतलीच न्हाई. तुज्याच पेपरात गं! कुणी लिवलं आसंल? त्या मेल्याला कवा हंडा उचलाय लागला न्हाई वाटतं."

लहानपणी त्याच आत्याच्या मागून मी कळशी घेऊन चालले होते.

"आत्या, मी लिवलं."

मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"मग आता तूच ये," ती म्हणाली. "आन् सायबाला सांग."

दुसऱ्या सकाळी बैठकीच्या वेळेला मी शिराळ्याच्या एसटीत होते. पंचायत समितीत साहेबासमोर तोच पेपर ठेवला. म्हटलं, "ही बातमी मी लिहिली. ती खोटी आहे. सरपंचांच्या सांगण्यावरून व्हॉल्व्ह बंद केलाय. टाकीपर्यंत चला, दाखवते."

साहेबानं चष्मा काढला. "तुम्ही पत्रकार म्हणून आलाय की तक्रारदार म्हणून?"

"दोन्ही."

तेवढ्यात फोन वाजला. संपादक. "कुठं आहेस? पत्रकार राहायचंय की वस्तीची पुढारी व्हायचंय, ते एकदा ठरव." मी म्हटलं, "ठरवलंय. बिघाडाची बातमी खोटी होती, हे उद्या छापा." त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी काहीच छापून आलं नाही. त्यानंतर मला कामावर बोलावणंही आलं नाही.

साहेबानं तक्रार घेतली, पण पाणी अजून आलेलं नाही. आत्या माझ्याशी कामापुरतं बोलते. तिनं मला माफ केलेलं नाही आणि मी माफी मागणारही नाही. मी आता गावीच असते. रोज सकाळी तिच्याबरोबर ओढ्यावर जाते, हंडा भरते.

गावच्या त्याच मुख्य चौकात ग्रामपंचायतीचा फळा आहे. काल मी त्यावर खडूनं लिहिलं. पाणी कुणी बंद करायला लावलं, कशासाठी, आणि खाली माझं नाव. सकाळी कुणीतरी पुसलं होतं. मी परत लिहिलं. पुसतील तितक्यांदा लिहीन.