नळ उघडा ठेवून केलेलं रेकॉर्डिंग

सकाळी साडेदहाची वेळ. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागची गल्ली, श्रीशैलच्या घरातली वरची खोली. मध्ये माइक, माइकसमोर आमच्या वॉर्डाचे नेते, आणि खाली अंगणात नळ. त्या दिवशी काय झालं ते सांगतोच. पण या खोलीतले किस्से इतके साठलेत, की ते बाजूला सारल्याशिवाय नेत्यांपर्यंत पोहोचता यायचं नाही!

मी तीस वर्षं बातमीदारी केली. गल्लीच्या पाण्यावर लिहून लिहून हात दुखले, कुणी हललं नाही. म्हणून निवृत्तीनंतर ठरवलं, आता लिहायचं नाही, ऐकवायचं. माणसाला बोलतं करायचं आणि त्याचाच आवाज गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर पाठवायचा. छापलेल्या ओळीला 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणता येतं. आवाजाला कसं म्हणणार? रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग श्रीशैलकडे. एरवी तो भजनी मंडळांची गाणी मिक्स करतो, त्यामुळे सहनशक्ती दांडगी.

* * *

आवाज घुमू नये म्हणून त्यानं भिंतींवर अव्वाच्या, म्हणजे आईच्या, चादरी टांगल्यात. सोलापुरात राहून फोम कोण विकत घेतो? पण मुलाखतींचा चौथा भाग ऐकला, तर मी विहिरीत बसून बोलतोय असं वाटत होतं. मी भडकलो. श्रीशैल शांत.

"मोहोळची मावशी आलीय, काका. चार माणसं घेऊन. अव्वानं भिंतीवरच्या चादरी काढून अंथरल्या."

"अरे, मग आपल्या आवाजाचं काय?"

"मावशी सोमवारी जाणार हाय. मग आवाज बसंल की!"

* * *

घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. दिवसभर खटाखट. वीज गेली की माग थांबतात आणि अशी शांतता पसरते म्हणून सांगू! पण तेव्हा आमचा कॉम्प्युटरही बंद. वीज आणि शांतता एकत्र मिळतात ती फक्त मागांच्या सुट्टीला. एका पाहुण्यांनी फोनवर विचारलं, "मुहूर्त बघून रेकॉर्डिंग करता का हो?"

"व्हय," श्रीशैल म्हणाला, "शेजारच्या मागवाल्याला इचारून!"

* * *

सॉफ्टवेअरला खरखर काढायला सांगायचं, तर आधी दहा सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज द्यावा लागतो. तो ऐकून ते ठरवतं, नको असलेला आवाज कुठला. आम्ही एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं होतं. "सर, दहा सेकंद फक्त गप्प बसा."

चौथ्या सेकंदाला सर, "झालं का?" सातव्याला, "आता बोलू?" नवव्याला, "नाही, आपली एक शंका."

श्रीशैलनं तेच रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला दिलं. सगळा भाग साफ करून ऐकला, तर माझे प्रश्न खणखणीत आणि सर पार पाण्याखाली! "सर, त्यानं तुमालाच खरखर समजलंय."

सर अजिबात रागावले नाहीत. "वर्गात तरी वेगळं काय व्हायचं?"

* * *

आमचं खरं भांडण झालं ते एका ठेकेदाराच्या मुलाखतीवरून. मी विचारलं, "खोदलेला रस्ता बुजवणार कोण?" गडी सात सेकंद गप्प. ते सात सेकंद म्हणजेच बातमी! आणि श्रीशैलनं 'सफाई' करताना तेच कापून टाकले.

"अरे, पुरावा कापलास तू!"

"काका, सात सेकंद कायबी नाय आलं, तर लोकांना वाटंल नेट गेलं."

त्या दिवसापासून नियम झाला. शब्द असो, खोकला असो, शांतता असो, कुणाचंही काही कापायचं नाही.

* * *

आणि मग नेते आले. मागांना सुट्टी होती, चादरी भिंतीवर होत्या, सगळं जमून आलेलं. महिनाभर मागे लागून मी त्यांना बसवलं होतं. नेते धीरगंभीर आवाजात म्हणाले, "नवी पाइपलाइन सुरू झाली आहे. या गल्लीत आता एक दिवसाआड पाणी येतं."

खालून नळ म्हणाला, "फुस्स्."

आमच्या गल्लीत सगळेच नळ उघडे ठेवतात, खाली घागर लावून. पाणी आलं की आवाजावरून कळतं. तोवर नुसती हवा येते.

नेत्यांनी हेडफोन लावून ऐकलं. "हा आवाज कसला?"

"नळाचा, सायेब."

"काढा तो."

"काढणार नाही!" मी उठून उभाच राहिलो. "इथं कुणाचंही काही कापलं जात नाही."

"बरं, मग नळ बंद करा. मी पुन्हा बोलतो."

श्रीशैलनं जिन्यातून हाक मारली, "अव्वा, जरा नळ बंद कर गं!"

खालून त्याची आई म्हणाली, "बंद केल्यावर पाणी आलेलं कळंल कसं?"

नेते स्वतः गॅलरीत गेले. "अव्वा, दहाच मिनिटांचं काम आहे."

"पाणी येऊन धा दिवस झालं बगा, सायेब. नेमकं त्याच धा मिन्टात आलं तर? तुमी येणार भरून द्यायला?"

नेते हसले. चहा घेतला. जाताना म्हणाले, "शेवटचं पाणी कधी सोडलं ते विचारून संध्याकाळपर्यंत कळवतो. तोवर हा भाग पाठवू नका."

मी शब्द दिला आणि पाळला. संध्याकाळ झाली, मी फोन केला. दुसरी संध्याकाळ झाली, फोन केला. तिसऱ्या संध्याकाळी भाग गल्लीभर गेला, 'फुस्स्'सकट.

अर्ध्या तासात नेत्यांचा निरोप आला. "तो नळ तुम्ही मिक्सिंगमध्ये घातलाय!"

श्रीशैलनं उलट निरोप धाडला, "नळ खालीच हाय. अजून उघडाच हाय. येऊन बगा."

शेवटचं पाणी कोणत्या तारखेला सोडलं, ते अजून कुणीही कळवलेलं नाही.